तालमीचा जुना स्टार कोच झाला. आता पहिला पंधरवडा

फुटबॉल लीगचा तक्ता अर्धा भरत आला की कोल्हापुरात कुठल्या ना कुठल्या पेठेत एकच चर्चा सुरू होते. टीम तळाला आहे, सलग तीन-चार मॅच गेल्यात, खालच्या गटात जायची वेळ आलीय. मग टीम चालवणाऱ्या तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, "आता त्यालाच आणा." 'तो' म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वी शाहू स्टेडियमवर ज्याच्या पायाला बॉल लागला की गॅलरी उभी राहायची, तो. दोन दिवसांत चौकात फलक लागतो, हलगी वाजते, आणि सोमवारी सकाळी तो गांधी मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो.

हा निर्णय चुकीचाच असतो असं मला वाटत नाही. पण त्यातून नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे कमिटीला आणि त्या माणसालाही आधी नीट कळायला हवं. जुन्या स्टारच्या नावामुळे गॅलरी शांत होते, रुसलेले खेळाडू सरावाला येतात, वर्गणी देणारे पुन्हा दार उघडतात. हे सगळं टिकतं दोन, फार तर तीन मॅच. तेवढ्या दिवसांत बचाव सुधारला तर टीम वाचते, नाहीतर तो फलकही टीमबरोबर खाली उतरतो.

जगात याची उदाहरणं भरपूर आहेत. सगळ्यात शिकण्यासारखं इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबचं, कारण एकाच क्लबने हा प्रयोग दोनदा केला आणि निकाल दोन टोकांचे लागले.

५ फेब्रुवारी १९९२ रोजी न्यूकॅसलने केव्हिन कीगनला बोलावलं. क्लब तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या विभागात तळाशी होता आणि तिसऱ्या विभागात घसरणार असं दिसत होतं. कीगन १९८२ ते १९८४ तिथे खेळलेला, गावाचा लाडका. तोवर त्याने कोच म्हणून कधीच काम केलेलं नव्हतं. पहिल्या मॅचला २९ हजारांवर लोक आले आणि ब्रिस्टल सिटीवर ३-० विजय मिळाला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढचं फार कमी जण सांगतात. मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत तीच टीम सलग पाच मॅच हरली, आणि त्यातल्या डर्बी काउंटीविरुद्धच्या मॅचमध्ये न्यूकॅसलचे तीन खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर गेले. म्हणजे नावाचा जोर ओसरलाच होता. शेवटच्या दोन मॅचमध्ये पोर्ट्समथवर १-० आणि लेस्टरच्या मैदानावर २-१ असे विजय मिळाले म्हणून क्लब वाचला, आणि लेस्टरविरुद्धचा न्यूकॅसलचा तो दुसरा गोल अगदी अखेरीस झालेला स्वयंगोल होता.

कीगनने केलेली कामं मात्र बघा. आल्या आल्या सरावाची जागा साफ करून रंगवून घेतली. सोबत टेरी मॅकडरमॉट हा अनुभवी माणूस घेतला. आणि विकत घेतला तो स्ट्रायकर नव्हे, तर ब्रायन किलक्लाइन नावाचा दांडगा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. स्वतः आयुष्यभर गोल मारलेल्या माणसाने बुडत्या टीमसाठी आधी स्टॉपर शोधला. आणि हाताशी जवळजवळ तीन महिने होते.

आता २००९. १ एप्रिलला अ‍ॅलन शिअररची नेमणूक झाली. इंग्लंडच्या सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये २६० गोल, न्यूकॅसलचाच मुलगा, त्याच्याएवढं मोठं नाव त्या गावात दुसरं नाही. ३० मॅच झालेल्या, २९ गुण, क्रमांक अठरावा, म्हणजे खाली जाणाऱ्या शेवटच्या तिघांत, आणि उरलेल्या मॅच फक्त ८. त्या मोसमात पुन्हा कोच म्हणून आलेल्या कीगनने पद सोडलं, नंतरचा कोच जो किनिअर आजारी पडला, मध्ये ख्रिस ह्युटनने हंगामी काम पाहिलं, म्हणजे खेळाडूंनी वर्षभरात चार वेगवेगळ्या माणसांच्या सूचना ऐकल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गोलकीपर शे गिव्हन आणि विंगर एन्झोग्बिया विकले गेले होते, आणि खरेदीची मुदतही संपली होती. शिअररला नवा माणूस घेता येणार नव्हता.

८ मॅचमध्ये एक विजय, दोन बरोबरी, पाच पराभव. गुण ५. दहा गोल खाल्ले, हे फार वाईट नाही. पण मारले फक्त चार, आणि त्यातले तीन मिडल्सब्रोविरुद्धच्या एकाच मॅचमध्ये. आठपैकी सहा मॅचमध्ये टीमला गोलच करता आला नाही. ओवेन, मार्टिन्स, विडुका हे तिघेही स्ट्रायकर हाताशी होते, आणि बाकावर प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा बसलेला होता. त्याचं अंगचं कसब त्यांच्या पायात उतरलं नाही, ते तसं उतरतही नाही. शेवटी न्यूकॅसल ३४ गुणांवर राहिलं, हल सिटी ३५ वर वाचली. गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) न्यूकॅसलचा चांगला होता, म्हणजे एक गुण, एकच बरोबरी पुरली असती. घरच्या मैदानावर फुलहॅमकडून ०-१ आणि शेवटच्या दिवशी अ‍ॅस्टन व्हिलाकडून ०-१. व्हिलाचा तो गोल न्यूकॅसलच्याच डफ या खेळाडूच्या पायाला लागून गेलेला स्वयंगोल.

ज्या ह्युटनला बाजूला ठेवलं होतं, त्याच्याच हाताखाली न्यूकॅसलने पुढच्या मोसमात १०२ गुणांनी दुसऱ्या दर्जाची लीग जिंकून पुनरागमन केलं. कमिटीत बसणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. जुन्या स्टारला आणताना आधीपासून रोज सकाळी मैदानावर येणाऱ्या माणसाला घरी पाठवू नका. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची ड्युटी किती वाजता सुटते, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे त्यालाच माहीत असतं.

वेळ किती उरलाय हा पहिला प्रश्न का, ते वेस्ट हॅमच्या उदाहरणावरून कळतं. एप्रिल २००३ मध्ये कोच ग्लेन रोडर आजारी पडला आणि क्लबचा जुना खेळाडू ट्रेव्हर ब्रूकिंग तीन मॅच उरलेल्या असताना आला. मँचेस्टर सिटीवर १-०, चेल्सीवर १-०, बर्मिंगहॅमशी २-२. तीन मॅचमध्ये ७ गुण! यापेक्षा जास्त कुणाकडून काय मागायचं? तरी ४२ गुणांवर वेस्ट हॅम खाली गेलं, कारण बोल्टनचे ४४ झाले. ब्रूकिंगचं काही चुकलं नाही, त्याला उशिरा बोलावलं.

उलट बाजूने वेन रूनीचं डर्बी. २०२०-२१ मध्ये टीम तळाला असताना तो आधी हंगामी आणि मग जानेवारीत कायमचा कोच झाला. शेवटच्या दिवशी शेफील्ड वेन्सडेशी ३-३, एकूण ४४ गुण, आणि वायकम ४३ वर खाली गेली. पण त्याच शेफील्ड वेन्सडेचे ६ गुण आर्थिक नियमांच्या भंगासाठी कापलेले होते. ते कापले नसते तर त्यांचे ४७ झाले असते आणि डर्बी खाली गेलं असतं. तेव्हा 'स्टार आला आणि टीम वाचली' असं कुणी म्हणालं की तक्ता मागवून बघायचा. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचा अभ्यास केला. घसरणीत कोच बदललेल्या टीमची कामगिरी त्यानंतर सुधारली खरी, पण तशाच घसरणीत कोच न बदललेल्या टीमचीही जवळपास तेवढीच सुधारली होती. सलग पाच हरलेली टीम सहावीत काहीतरी करतेच, आणि श्रेय फलकावरच्या फोटोला जातं.

मग जुन्या स्टारचा योग्य उपयोग कुठे होतो? माझ्या मते एव्हर्टनने डिसेंबर २०१९ मध्ये केला तसा. लिव्हरपूलकडून २-५ हरल्यावर टीम अठराव्या क्रमांकावर गेली, मार्को सिल्व्हाला काढलं आणि १९९५ चा एफए कप जिंकलेला क्लबचा जुना सेंटर फॉरवर्ड डंकन फर्ग्युसन हंगामी कोच झाला. तो आधीपासून कोचिंगच्या चमूतच होता, खेळाडूंना रोज भेटत होता. त्याने चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे असं साधं ४-४-२ लावलं, प्रत्येकाला धावायला लावलं. चेल्सीवर ३-१, मँचेस्टर युनायटेडशी १-१, आर्सेनलशी ०-०. लीगच्या तीन मॅचमध्ये ५ गुण, आणि मग कार्लो अँचेलोटी आला. काम ठरलेलं, मुदत छोटी, पुढचा माणूस ठरवायला क्लबला वेळ मिळालेला.

फ्रान्सचा स्ट्रायकर थिएरी ऑन्री याचं फ्रेंच लीगमधल्या मोनॅको क्लबात उलट झालं. तोही तिथेच घडलेला खेळाडू. ऑक्टोबर २०१८ मध्ये टीम अठराव्या स्थानावर असताना त्याला मोठा करार दिला. चमूतले बरेच जण जखमी, फाबिन्यो, लेमार यांच्यासारखे आधीच विकलेले, आणि याची मुख्य कोच म्हणून पहिलीच नोकरी. २० मॅचमध्ये ४ विजय, आणि जानेवारीत त्याला काढून ज्या लिओनार्दो जार्दिमला आधी काढलं होतं त्यालाच परत आणावं लागलं. मोनॅको सतराव्या क्रमांकावर कसंबसं वाचलं.

आता आपल्याकडे येऊ. कोल्हापूरचं गणित काही बाबतीत या सगळ्यांपेक्षा अवघड आहे. प्रीमियर लीगच्या ३८ मॅचच्या मानाने आपली लीग लहान, त्यामुळे चूक दुरुस्त करायला मॅचच उरत नाहीत. सगळे सामने एकाच शाहू स्टेडियमवर, म्हणजे घरचं मैदान असा प्रकारच नाही. खेळाडू नोकरी-धंदा, कॉलेज सांभाळून सकाळी सरावाला येणार. आणि ईर्षा एवढी की पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा, दिलबहार अशा कुठल्याही जुन्या टीमचं नाव समोर आलं की गुणांपेक्षा ती एक मॅच मोठी होते. तळातल्या टीमला हे परवडत नाही. वरच्या टीमविरुद्ध सगळी ताकद लावून १-२ हरायचं, दोन खेळाडू कार्डांमुळे गमवायचे आणि मग पुढच्या आठवड्यात आपल्या बरोबरीच्या टीमपुढे अर्धी टीम घेऊन उतरायचं, असं कितीदा तरी दिसतं.

म्हणून कोचने पहिल्या दिवशी मैदानावर जायच्या आधी कागदावर उरलेल्या मॅच लिहाव्यात. समजा सहा उरल्यात आणि वाचण्यासाठी सात गुण लागणार आहेत. तक्त्यात आपल्या आसपासच्या ज्या टीम आहेत, त्यांच्याविरुद्धच्या दोन-तीन मॅचवर खूण करा. ते सात गुण मुख्यतः तिथूनच यायचे आहेत, कारण तिथे जिंकलो की आपल्याला गुण मिळतात आणि त्यांना मिळत नाहीत. वरच्या टीमविरुद्ध लक्ष्य वेगळं: बरोबरी जमली तर उत्तम, नाहीतर एका गोलपेक्षा जास्त फरकाने हरायचं नाही, आणि रेड कार्ड घ्यायचं नाही. न्यूकॅसलला चांगला गोलफरक असूनही एक गुण कमी पडला. कुणाला गुण बरोबरीत असताना गोलफरकाने जावं लागतं. दोन्ही बाजूंनी तयारी हवी.

दुसरं काम गोलचा हिशोब. आपल्या बहुतेक मॅच हल्ली यूट्यूबवर थेट दाखवतात, त्यामुळे मागच्या पाच-सहा मॅचचं रेकॉर्डिंग मिळवणं अवघड नाही. खाल्लेला प्रत्येक गोल तीनदा बघा आणि वहीत रकाने करा: गोल कशातून आला (कॉर्नर, फ्री किक, बाजूने आलेला क्रॉस, आपल्याच अर्ध्यात गमावलेला पास, स्टॉपरच्या मागे पडलेला बॉल, पेनल्टी), कितव्या मिनिटाला, त्या वेळी बॉल आणि आपला गोल यांच्यामध्ये आपले किती माणूस होते, आणि गोलकीपर कुठे उभा होता. बारा-पंधरा गोल लिहून झाले की चित्र दिसतं. तळातल्या टीमचे गोल सहसा सगळ्या रकान्यांत सारखे विखुरलेले नसतात, एक-दोन रकान्यांत ढीग असतो. पहिल्या पंधरवड्यात फक्त तेवढीच भोकं बुजवायची. सगळं सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही, आणि खेळाडूंच्या डोक्यात गोंधळ वाढतो.

पहिल्या सकाळी भाषण पाच मिनिटांचं पुरे. त्यापेक्षा प्रत्येक खेळाडूशी वेगळं, दहा मिनिटं बोला. कुठल्या जागेवर खेळायला आवडतं, कुठल्या जागेवर खेळवलं जातंय, आणि कुठे दुखतंय, एवढं विचारलं तरी बरंच कळतं. तळातल्या टीममध्ये निदान एक तरी खेळाडू चुकीच्या जागेवर आणि एक तरी दुखापत लपवून खेळत असतो. वीस जणांशी बोलायला दोन सकाळी लागतात, त्या लागू द्याव्यात.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी बचावाची रांग. अर्धं मैदान घ्या, रुंदी साधारण ४५ मीटर ठेवा. एका बाजूला गोलकीपर, चार बॅक आणि दोन हाफ (मधल्या फळीतले), समोर आठ जण हल्ला करणारे. आठ मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. बचाव करणाऱ्यांनी बॉल जिंकून मधल्या रेषेवरच्या दोन शंकूंच्या फटीतून बाहेर काढला की त्यांचा एक गुण. बघायचं एवढंच: बॅकची रांग आणि हाफची रांग यांच्यात १० ते १२ मीटरपेक्षा जास्त जागा पडते का, आणि बॉल डावीकडे गेला की उजवा बॅक आत सरकतो का. तळातल्या टीमचा बॅक घाबरून मागे मागे जातो, हाफ बॉलच्या मागे पुढे पळतो, आणि मधल्या मोकळ्या जागेतून समोरचा शॉट मारतो. रांग पुढे-मागे नेण्याचा आवाज एकाच माणसाने द्यायचा, तो स्टॉपर असो किंवा गोलकीपर. 'वर', 'थांब', 'मागं', एवढे तीन शब्द पुरतात. टीममध्ये परदेशी खेळाडू असेल तर त्यालाही हे तीन शब्द पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या, कारण गॅलरीच्या गोंगाटात मोठं वाक्य कुणालाच ऐकू जात नाही.

पाचव्या दिवशी कॉर्नर. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी होत नाही. माझी पसंती अशी: सहा यार्डाच्या चौकटीच्या रेषेवर चौघे, पहिल्या पोस्टसमोर, त्याच्या आत, मध्यभागी आणि दुसऱ्या पोस्टच्या बाजूला. त्यात पहिल्या पोस्टसमोरचा सगळ्यात उंच नसला तरी चालेल, पण धाडसी हवा, कारण सगळ्यात जास्त बॉल तिथेच पडतात. तिघे समोरच्या तीन उत्तम हेडर मारणाऱ्यांच्या अंगाला. एक पेनल्टी बॉक्सच्या तोंडावर, परत आलेला बॉल उचलायला. एक छोट्या कॉर्नरसाठी बाजूला. आणि एक पुढे, मधल्या रेषेजवळ. झाले दहा. काही जण दहावाही आत ओढतात, पण पुढे एक माणूस ठेवला की समोरच्याला त्याच्यासाठी दोन मागे ठेवावे लागतात. वीस कॉर्नर मारायचे, दहा डावीकडून, दहा उजवीकडून. बॉल बाहेर काढला की अख्खी रांग पळत १०-१२ मीटर पुढे यायलाच हवी. बाहेर काढलेला बॉल परत आत येतो आणि तिथेच थांबलेल्या तिघांमुळे समोरचा ऑफसाइड होत नाही, असा गोल दर मोसमात दिसतो. आपल्या बाजूच्या कॉर्नरचे दोनच प्रकार ठरवा, जास्त नकोत.

सहाव्या दिवशी हलकं. चाळीस मिनिटं, पूर्ण टीम, चालत-चालत जागा दाखवून. पेनल्टी कोण मारणार याची एक-दोन-तीन अशी यादी आदल्या दिवशीच सांगायची. मैदानात दोघांनी बॉलसाठी ओढाताण केली की ती पेनल्टी चुकलीच समजा.

या सगळ्यात एक मोह टाळायला हवा आणि जुन्या स्टारला तो फार होतो. 'पोरांची दमसास कमी पडते' म्हणून तो पहिल्याच दिवशी मैदानाला पंधरा-वीस फेऱ्या मारायला लावतो. मोसमाच्या मध्यात एका आठवड्यात दम वाढत नाही. मांडीच्या मागचा स्नायू मात्र एका आठवड्यात फाटतो, आणि तो फाटला की तीन-चार आठवडे गेले, म्हणजे आपल्या लीगमध्ये मोसमच गेला. सराव ७५ मिनिटांच्या वर नको, आणि मॅचच्या आधीच्या दोन दिवसांत जोरात धावणं नको. दुपारच्या मॅचला, विशेषतः मार्च-एप्रिलच्या उन्हात, दम वाचवायचा उपाय वेगळा असतो: उत्तरार्धात विंगवरचे दोघे थकायची वाट न बघता आधीच बदलायचे, आणि कुठल्या मिनिटाला कोण जाणार हे सकाळीच लिहून ठेवायचं.

पहिल्या मॅचला टीममध्ये तीनपेक्षा जास्त बदल नकोत. गोलकीपर आणि दोन स्टॉपर ठरले की पुढच्या तीन मॅच त्यांना हात लावायचा नाही, चूक झाली तरी. बचाव हा सवयीचा खेळ आहे, दर आठवड्याला जोडी बदलली तर सवय लागायची कधी? बदल करायचेच तर पुढे करा.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिलं, तो स्वतः बॉल घेऊन दाखवतो. 'आम्ही असं वळून मारायचो' हे तीन वेळा ऐकलं की एकोणीस वर्षांचा स्ट्रायकर घाबरून वळायचंच सोडतो. त्याला कुठे उभं राहायचं ते सांगा, कसं मारायचं ते त्याच्यावर सोपवा. दुसरं, टीममधले एक-दोघे त्याच्याबरोबर खेळलेले असतात, चौतीस-पस्तिशीचे, आणि त्यांना बाकावर बसवायची त्याला भीड पडते. पोरं पहिल्या यादीवरूनच ओळखतात की इथे भीड चालणार की नाही. तिसरं, भावनेवर चढवलेली टीम पहिल्या वीस मिनिटांत कार्डं घेते. शिअररच्या वेळी लिव्हरपूलविरुद्ध जोई बार्टनला रेड कार्ड मिळालं, नंतर त्याला क्लबनेच दूर ठेवलं, आणि शेवटच्या निर्णायक मॅचना एक अनुभवी हाफ कमी झाला. आपल्याकडे तर रेफ्रीशी वाद, मग गॅलरीतून हुल्लड, मग खेळाडूंवर आणि संघावर कारवाई, ही साखळी सगळ्यांना पाठ आहे. रेफ्रीशी फक्त कॅप्टन बोलेल, हा नियम पहिल्या दिवशी करायचा आणि मोडणाऱ्याला पुढच्या मॅचला बसवायचं, तो कितीही मोठा असो. चौथं, पहिली मॅच जिंकल्यावर हुरूप येतो आणि दुसऱ्या मॅचला टीम खुली खेळते. कीगनसारख्यालाही सलग पाच पराभव बघावे लागले. जिंकलेली टीम आणि तीच मांडणी पुढच्या मॅचला तशीच उतरवा.

कमिटीने आपली बाजूही आधी कागदावर आणावी. टीम निवडायचा अधिकार पूर्ण कोचचा, मॅचच्या दिवशी सकाळी कुणाचा फोन नाही. मुदत मोसमाच्या अखेरपर्यंत. मानधन किती आणि कधी. खाली गेलो तर तो राहणार की नाही, हे आत्ताच. शक्य असेल तर त्याच्या सोबत लायसन्स घेतलेला सहायक द्यावा. आज कोचिंगची डी आणि सी लायसन्स घेतलेली तरुण मुलं गावात मिळतात, सरावाची आखणी त्यांना येते, आणि स्टारला जे येतं, म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये उभं राहून विश्वास देणं, ते त्यांना अजून येत नाही. रूनीकडे डर्बीत लियाम रोझेनियर हा सहायक होता, तसा कुणीतरी हवाच. हे लिहून ठेवणं इथे जास्त गरजेचं आहे. शिअरर हरला आणि टीव्हीवर परतला. आपला माणूस त्याच पेठेत राहतो, मुलाला त्याच गल्लीतून शाळेत सोडतो, संध्याकाळी त्याच तालमीसमोरून जातो. तालमीला वीस वर्षं दिलेल्या माणसाला आठ आठवड्यांच्या कामासाठी गावात मान खाली घालायला लावणं मला पटत नाही, आणि हे टाळायची जबाबदारी त्याला आणणाऱ्यांची आहे.

शेवटच्या मॅचला एक माणूस फक्त दुसऱ्या निकालांसाठी ठेवा. आपल्याशी झुंजणाऱ्या टीमची मॅच आधी झाली असेल तर काय लागणार ते माहीतच असतं. नंतर असेल तर गोलफरकासकट सगळं आधी मांडून ठेवा: जिंकलो तर काय, बरोबरी झाली तर काय, एका गोलने हरलो तर काय. हा कागद कोचच्या खिशात राहील, खेळाडूंना फक्त पुढचं काम सांगितलं जाईल. बरोबरी पुरणार असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत विंगर काढून तिसरा स्टॉपर आत घ्यायचा, आणि गोल हवाच असेल तर तोच स्टॉपर पुढे पाठवून सगळे फ्री किक बॉक्समध्ये टाकायचे. दोन्ही प्रकार आदल्या आठवड्यात दहा-दहा मिनिटं तरी मैदानावर करून बघितलेले हवेत.